कपडेपट सांभाळणारे हात

 

आपल्या कोल्हापूर भागातल्या बऱ्याच बचत गटांकडे शिलाई मशीन आहे. झंपर, परकर, शाळेचे गणवेश हे काम वर्षभर चालू असतं. पण डिसेंबर-जानेवारी आला, शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली, की वेगळीच मागणी सुरू होते. कुणाला वीस मावळे पाहिजेत, कुणाला जिजाऊ, कुणाला वारकरी, कुणाला लावणीची नऊवारी. म्हणजे नाटकाचे कपडे. हे काम आपल्याला नवं वाटतं. पण मराठी मुलखात या कामाला पावणेदोनशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि त्यातला मोठा तुकडा कोल्हापूर, सांगली, मिरज याच पट्ट्यातला आहे. आज तो इतिहास सांगते. नाटकाचा इतिहास म्हटलं की गाण्यांचा आणि नटांचा सांगतात. आपण तो कपड्यांच्या बाजूनं बघू.

नाटकवाल्यांच्या भाषेत एक शब्द आहे, कपडेपट. कंपनीचे सगळे नाटकाचे कपडे आणि ते सांभाळण्याची सगळी व्यवस्था म्हणजे कपडेपट. नट जिथं तोंडाला रंग लावतात तो रंगपट, आणि कपडे असतात तो कपडेपट. रंगपटातल्या माणसांची नावं आपल्याला पाठ असतात. कपडेपटातल्या माणसांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

मंडळीच्या पेट्या

५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांचा त्यांना आश्रय होता. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो, आणि म्हणूनच ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणलं, आणि संगीत नाटकांची लाट आली. किर्लोस्कर मंडळी, स्वदेशहितचिंतक मंडळी, ललितकलादर्श, गंधर्व मंडळी अशा एकेक कंपन्या निघाल्या.

ही मंडळी म्हणजे फिरतं बिऱ्हाड. एका गावात तळ ठोकायचा, नाटकं लावायची, गाव आटोपलं की सामान बांधून पुढच्या गावाला. आणि एकच नाटक घेऊन फिरायचं नाही. आज 'शाकुंतल', परवा 'सौभद्र', शनिवारी आणखी तिसरं. ज्या कंपनीजवळ ठरलेले नट असतात आणि पाच-सात नाटकं कायम तयार असतात, तिला आज रेपर्टरी म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी आपल्याकडच्या मंडळ्या त्या नावाच्या आधीपासून हेच करत होत्या.

आता कपडेपटाच्या दृष्टीनं विचार करा. पाच नाटकं म्हणजे पाच घरांचं लग्न एकदम काढल्यासारखं. एका 'शाकुंतला'लाच आश्रमातले साधे कपडे वेगळे, राजाच्या दरबारातले वेगळे, कोळ्याचे वेगळे, शिपायाचे वेगळे. हे सगळं पेट्यांत भरायचं, बैलगाडीनं आणि रेल्वेनं न्यायचं, पावसात भिजू द्यायचं नाही, उंदरानं कुरतडू द्यायचं नाही. रात्री घामानं ओलं झालेलं सकाळी वाळवायचं, कारण परवा पुन्हा तेच लागणार. नट आजारी पडला तर दुसरा उभा करता येतो. राजाचा अंगरखा हरवला तर त्या रात्री राजा उभा करता येत नाही.

बायकांचे कपडे, पुरुषांच्या अंगावर

त्या काळी घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातली बाई नाटकात उभी राहत नसे. राहिली तर समाज तिला घरात घेत नसे. म्हणून बाईची कामं पुरुष करायचे. नाटकातल्या शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी हे सगळे पुरुषच. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी ही कामं गाजवली. मग १९०५ साली नारायण राजहंस त्या मंडळीत आले. हेच बालगंधर्व. १९१३ साली त्यांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली.

बालगंधर्व लुगडं नेसून आले की नाटकगृहातल्या बायका बघत राहायच्या. पदर कसा घेतलाय, गजरा कुठं माळलाय, चोळीची बाही केवढी आहे. मग तशीच फॅशन घरोघरी यायची. विचार केला तर गंमतही वाटते आणि वाईटही वाटतं. बाईनं रंगमंचावर पाय ठेवायचा नाही, पण बाईनं कसं दिसावं हे रंगमंचावरचा पुरुष शिकवणार.

पण मला वाटतं यात एक गोष्ट उलट दिशेनंही झालेली आहे. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर कापड. ते शिवलेलं नसतं. निऱ्या, कासोटा, पदर सगळं हातानं बसवायचं. चालताना पाय अडकू नये, बसल्यावर घोळ नीट पडावा, उठताना पदर ढळू नये. हे ज्ञान कुणाचं? ते आपल्या आज्या-पणज्यांचं. ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आईच्या, बहिणीच्या, बायकोच्या नेसण्याकडं बघितल्याशिवाय कुठलाही पुरुष नट ते शिकणं शक्य नव्हतं. म्हणजे स्टेजवर बाई नव्हती, तरी बाईचं शिकवणं स्टेजवर होतं.

कपडा शिवणाऱ्यालाही हे अवघड होतं. पुरुषाचे खांदे रुंद, कंबर वेगळी, मान जाड. चोळी बाईच्या मापानं शिवून चालत नाही. बाही कुठं संपवायची, गळा किती वर ठेवायचा, पदरानं काय झाकायचं, याचा हिशेब करूनच कापड कापावं लागतं. आज शाळेत मुलगा जिजाऊ होतो किंवा मुलगी शिवाजी होते, तेव्हा आपल्यालाही हाच प्रश्न पडतो.

कोल्हापूरचे केशवराव आणि पॅलेस थिएटर

आता आपल्या गावाकडं येऊ. केशवराव भोसले यांचा जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' नाटकात त्यांनी शारदेचं काम केलं. एका म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या लहान मुलीची ती गोष्ट. नाटक १८९९ सालचं. शारदा गरीब भिक्षुकाची पोर. तिच्या अंगावर जर नाही, दागिने नाहीत. पुढं १ जानेवारी १९०८ ला केशवरावांनी हुबळीत स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते.

त्याच काळात शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागून नाटकगृह बांधलं. १९१५ साली ते उभं राहिलं. नाव होतं पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं. कुस्ती आणि नाटक एका भिंतीला भिंत लावून, हे कोल्हापूरलाच शोभतं.

कपड्याच्या बाजूनंही तो काळ बघण्यासारखा आहे. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सूत आणि कापडाची गिरणी सुरू केली. लुगडी इरकलची, चोळीला खण गुळेदगुड्डचा, पैठणी येवल्याची आणि पैठणची, चांदीचे दागिने हुपरीचे. नाटक मंडळीला लागणारं बरंच सामान आसपासच्या विणकरांच्या आणि कारागिरांच्या हातचं होतं. नाटकाचा खेळ तीन-चार तासांचा, पण त्यामागं किती गावांचं पोट होतं बघा.

८ जुलै १९२१ ला मुंबईत एक मोठी घटना घडली. केशवरावांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व मंडळी, दोन कंपन्यांनी एकत्र येऊन 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. केशवराव झाले धैर्यधर, बालगंधर्व झाले भामिनी. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलैला, मुंबईतच गांधीजींनी परदेशी कापडाची होळी केली. कपडा कुठून आला, कुणी विणला, हा प्रश्न तेव्हा घरोघरी बोलला जात होता. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव वारले. वय अवघं एकतीस.

भामिनीचा शालू आणि सिंधूचं ठिगळ

'मानापमान'ची गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. भामिनी श्रीमंताची मुलगी. गरीब शिपाई म्हणून धैर्यधराला ती नाकारते. मग हीच भामिनी साधे कपडे घालून, वनमाला असं नाव सांगून त्याच्याजवळ राहते आणि तिला माणसाची किंमत कळते. म्हणजे कपडे बदलणं हीच या नाटकातली कलाटणी. भामिनीचा शालू जितका भारी, तितकं वनमालेचं साधं लुगडं उठून दिसणार. गंधर्व मंडळी यात हात आखडता घेत नसे. खरी जर, खरे दागिने, भारी अत्तर. लोक ते बघायला यायचे.

पण बालगंधर्वांची आणखी एक भूमिका आहे. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला', १९१९ सालचं. त्यातली सिंधू. नवरा दारूच्या आहारी जातो, घर उद्ध्वस्त होतं, आणि ही चांगल्या घरची बाई लोकांचं दळण दळून पोराचं पोट भरते. दारूबंदीसाठी गावसभेत बोललेल्या बायांना सिंधू कोण ते सांगावं लागणार नाही. पैठणीत मिरवणारे बालगंधर्व या भूमिकेत साध्या, ठिगळाच्या लुगड्यात उभे राहायचे, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं.

आता मी तुम्हाला विचारते, कपडेपटाला जास्त काम कशाचं? शालूचं की ठिगळाच्या लुगड्याचं? पटकन सगळ्या शालू म्हणतील. पण शिवणारी बाई जरा थांबून विचार करील. शालू विकत मिळतो. ठिगळाचं लुगडं तयार करावं लागतं. नवं कापड जुनं दिसायला हवं. त्यासाठी ते सोड्याच्या पाण्यात उकळायचं, चहाच्या पाण्यात बुडवायचं, दगडावर घासायचं, उन्हात रंग उडवायचा. ठिगळ अशा जागी लावायचं, जिथं खरंच लुगडं विरतं. बसण्याच्या जागी, गुडघ्यापाशी, पदराच्या टोकाला. आणि महत्त्वाचं म्हणजे ते फाटकं दिसायला हवं, पण फाटायला नको. प्रयोग शंभर व्हायचे असतात. म्हणून फाटक्या जागेच्या आतून बारीक कापड लावून ते भक्कम करायचं. प्रेक्षकाला चिंधी दिसते, आत मात्र पक्की टीप असते.

हे काम आपल्याला नवीन नाही. लुगडं मधेच विरलं की ते कापून, दोन चांगले तुकडे जोडून दंड घालायचा, आणि तेही संपलं की त्याची वाकळ शिवायची, हे आपल्या आज्यांनी आयुष्यभर केलं. नाटकात त्याला वेशभूषा म्हणतात. घरात त्याला काहीच नाव नव्हतं.

आणि भारी शालूंचा हिशेबही ऐकून ठेवा. गंधर्व मंडळीचं नाव आभाळाला भिडलं, पण खर्चही तसाच होता. मंडळीवर मोठं कर्ज झालं. बालगंधर्वांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून ते फेडलं. कपडा कितीही सुंदर असला तरी तो उत्पन्न आणि खर्च यांच्या वहीतून सुटत नाही.

कपडा सांभाळायचा कसा

नाटकाच्या कपड्याचा शत्रू पहिला घाम. दिव्यांच्या उजेडात नट तीन तास उभा असतो. पूर्वी गॅसबत्त्या होत्या, आता मोठे विजेचे दिवे, उष्णता तीच. घाम जरीला काळी करतो आणि रेशीम कुजवतो. म्हणून भारी कपड्याच्या आत सुती अस्तर लावतात, काखेत वेगळी सुती गादी टाचतात. गादी काढून धुवायची, कपड्याला पाणी कमी लागतं. दुसरा शत्रू तोंडाचा रंग, सफेदा, काजळ, कुंकू. गळ्याच्या कडेला तो लागतोच. म्हणून आधी कपडा चढवायचा आणि मग रंग लावायचा, किंवा रंगवताना खांद्यावर जुनं कापड टाकायचं. तिसरा शत्रू घाई. दोन प्रवेशांच्या मधे दोन मिनिटांत कपडा बदलायचा असतो. म्हणून बारीक बटणांऐवजी मोठे हुक, चिकटपट्टी, शिवलेली नऊवारी.

माप बदलतं, नट बदलतो. म्हणून शिवताना आत तीन-चार बोटं कापड जास्तीचं सोडायचं. आज बारक्या मुलाला घातलेला अंगरखा पुढच्या वर्षी मोठ्या मुलाला उसवून बसवता येतो. जी बाई कापड वाचवायला आत काहीच सोडत नाही, तिचा ड्रेस एकाच वर्षी वापरला जातो.

जरीचा आणि रेशमी कपडा साबणाच्या पावडरीत टाकायचा नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हातानं, पिळायचं नाही, सावलीत पसरायचं. इस्त्री उलट्या बाजूनं, वर सुती कापड ठेवून. अत्तर कपड्यावर मारायचं नाही, अंगाला लावायचं. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं नाही, आत दमट होतं आणि जर काळवंडते. मलमलच्या किंवा जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळायचं. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेषेवर कापड तुटतं. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळवलेला कडुनिंब पेटीत ठेवायचा, पण कपड्याला टेकू द्यायचा नाही.

आपल्या भागाला पावसाळ्याची आणखी एक भीती आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. नदीकाठच्या गावात कपड्याची पेटी कधीच जमिनीवर ठेवू नका. पाऊस सरला की दसऱ्याच्या आधी एकदा सगळ्या पेट्या उघडून कपड्यांना वारा दाखवा. भिजलेला कपडा घडी करून ठेवू नका, आधी पसरा.

नाव कुणाचं लागतं

१९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' हा चित्रपट आणला. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनी केली. मग १९३२ साली कोल्हापूरच्याच प्रभात कंपनीनं 'अयोध्येचा राजा' काढला, त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. तिथंही राजवाड्यातली राणी आणि मग दासी, एकाच बाईचे दोन वेश. स्टेजवरचं लुगडं शेवटी बाईच्या अंगावर आलं.

बाबूराव पेंटरांबरोबर काम करणारे एक चित्रकार होते, अण्णासाहेब राजोपाध्ये. त्यांची मुलगी भानुमती, जन्म कोल्हापूरचा, २८ एप्रिल १९२९. वडील ती लहान असतानाच गेले. ती मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकली, आधी मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढायची, मग सिनेमाचे कपडे करू लागली. त्याच भानू अथय्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती ही कोल्हापूरची बाई, आणि तेही कपड्यांसाठी. त्या चित्रपटात आफ्रिकेतल्या वकिलाच्या कोटापासून पंचापर्यंत एका माणसाचं सगळं आयुष्य कपड्यांतून दिसतं. भारी जर तिथं उपयोगाची नव्हती. साधं, वापरलेलं सुती कापड खरं दिसणं, हेच काम होतं. सिंधूच्या लुगड्याचीच ती विद्या.

पुढे २०१२ साली भानूताईंनी आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या त्या संस्थेकडं परत सोपवलं. आपल्यामागं ते नीट सांभाळलं जावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २०२० साली त्या गेल्या. आयुष्यभर कपडा सांभाळलेल्या बाईला, वस्तू मिळवण्याइतकंच ती जपणं मोठं असतं, हे बरोबर माहीत होतं.

दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ १९६४ पासून चालू आहे. विद्यालयाचे तेव्हाचे संचालक इब्राहिम अल्काझी पुण्यात जन्मलेले. त्यांच्या नाटकांचे कपडे रोशन अल्काझी करायच्या. जुन्या भारतीय वेशांचा अभ्यास करून त्यांनी पुस्तकही लिहिलं. भानूताईंनीही आपल्या कामावर पुस्तक लिहिलं. या दोघींची नावं आपल्यापर्यंत पोचली, त्याला हेही एक कारण आहे. काम लिहून ठेवलं.

आणि आपल्या गावातलं अलीकडचं दुःख. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षं जपलेली वास्तू एका रात्रीत जळाली. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. ती पुन्हा उभारायचं काम हाती घेतलं गेलं. इमारतीचे नकाशे असतात, फोटो असतात, म्हणून ती पुन्हा बांधता येते. ज्याची कुठंच नोंद नाही, ते मात्र पुन्हा उभं करता येत नाही.

गटाची वही

आता गटाच्या कामाचं बोलते. नाटकाच्या कपड्यांचं काम घेणाऱ्या गटानं एक वेगळी वही घालावी. प्रत्येक कपड्याला नंबर द्या, आणि तो कॉलरच्या किंवा कमरेच्या आत दोऱ्यानं काढा. पेननं लिहिलेला धुण्यात जातो. वहीत लिहा: कशाचा वेश, कुठल्या मापाचा, आत किती कापड सोडलंय, कधी शिवला, कुणी शिवला. भाड्यानं गेला की तारीख. परत आला की काय तुटलं, कुणी दुरुस्त केलं. 'कुणी' हा रकाना सोडू नका. सुनंदा, रेश्मा, हौसाबाई जी असेल तिचं नाव पूर्ण लिहा.

भाड्याचा हिशेब असा मांडा. समजा एका मावळ्याच्या वेशाला कापड सहाशे रुपयांचं आणि शिलाई अडीचशे. झाले ८५०. एका वेळचं भाडं १०० रुपये ठेवलं, तर आपण म्हणतो नवव्या वेळी पैसे वसूल. पण प्रत्येक वेळी धुणं, इस्त्री, तुटलेले हुक यात ३० रुपये जातात. म्हणजे हातात राहतात ७०. मग पैसे वसूल व्हायला तेरावी वेळ यावी लागते. हे ३० रुपये बहुतेक गट धरतच नाहीत. कारण धुणं, वाळवणं, टाके घालणं हे काम बाई घरी फुकट करते, म्हणून इथंही ते फुकट धरलं जातं. आमच्या भागातल्या एका गटातल्या मावशी दोन वर्षं स्नेहसंमेलनाचे सगळे कपडे घरी धुऊन द्यायच्या. त्यांचा एकही रुपया हिशेबात नव्हता. वही घातल्यावर पहिल्यांदा धुण्याचे पैसे त्यांच्या नावावर पडले. आणि भाडं १०० वरून १३० केलं, तर एकाही शाळेनं नाही म्हटलं नाही.

अनामत रक्कम घ्या. कपडा देताना घेणाऱ्यासमोर मोजा, परत घेताना त्याच्यासमोर मोजा. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत गायन, नृत्य, नेपथ्य अशी नावं छापतात. तिथं 'वेशभूषा' म्हणून आपल्या गटाचं नाव छापायला सांगा. ऑर्डर घेतानाच सांगा, नंतर कुणी छापत नाही.

आणि गटात सत्तर-पंचाहत्तरीच्या ज्या आजी असतील, त्यांना पुढच्या बैठकीला मुद्दाम बोलवा. कासोटा कसा घालायचा, दंड कसा घालायचा, खणाची चोळी कशी बेतायची, हे त्यांच्याकडून करून घ्या. कुणीतरी मोबाइलवर त्यांच्या हातांचा व्हिडिओ घ्या, आणि वहीत त्या दिवसाच्या पानावर आजींचं नाव, गाव आणि काय शिकवलं ते लिहा. तुमच्या वहीतलं असं एखादं पान आमच्या रेडिओ केंद्राकडं पाठवलंत, तर पुढच्या एखाद्या भागात ते वाचून दाखवीन.

नमस्कार.